चोरी बंद घरात, कुलूप भरल्या घराला

पत्र असं आहे:

"आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई (दोन्ही गुडघे दुखरे) आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ७६. गणपतीत शेजारचे गावी गेले आणि त्यांच्याकडे चोरी झाली. त्या दिवसापासून अण्णा रात्री सेफ्टी डोअरला आतून भलंमोठं कुलूप लावतात आणि किल्ल्यांचा जुडगा उशीखाली घेऊन झोपतात. लाकडी दार वाऱ्यासाठी उघडंच असतं. मला आगीची भीती वाटते. मागच्या महिन्यात देवघरातल्या समईने पडद्याचा काठ जळला, थोडक्यात निभावलं. रात्री काही झालं तर आम्ही पाच जण त्या कुलपापाशी काय करणार? अण्णा म्हणतात, आग शंभर वर्षांत एकदा लागते, चोर रोज फिरतात. नवरा म्हणतो, दोघांचंही बरोबर आहे. दिवसाचं विचाराल तर प्रश्न नाही. सकाळी मी शेवटी निघते, आई-अण्णांना बेलसाठी उठावं लागू नये म्हणून बाहेरून लॅच दोनदा फिरवून जाते. जादा किल्ली चपलांच्या कपाटात जुन्या बुटात असते, शाळेतून आला की मुलगा ती काढून आत येतो. तर रात्री किल्ली ठेवायची कुठे?
— एक सून"

ताई,

तुमच्या यजमानांचं आधी निकालात काढतो. दोघांचंही बरोबर आहे, हे कबूल. पण तेवढ्यावर खिळा कुठे ठोकायचा ते कळत नाही.

मी कल्याणला चौतीस वर्षं कुलपं, कड्या, बिजागऱ्या विकल्या. घरफोडीनंतर येणारं गिऱ्हाईक मला पायरी चढतानाच ओळखू यायचं. ते किंमत विचारत नाही. कुलूप हातात घेऊन आधी वजन बघतं आणि म्हणतं, "याहून मोठं दाखवा." मीही दाखवायचो, धंदाच तो. पण त्यातल्या निम्म्या लोकांना खरं तर वेगळंच काही सांगायला हवं होतं. ते आता सांगतो, दुकान मुलाकडे आहे.

तुमच्या शेजारी चोरी कशी झाली ते पुन्हा आठवा. घरात कोणी नव्हतं. बाहेर कुलूप लोंबत होतं, म्हणजे "आम्ही गावाला गेलोय" अशी पाटीच. वर्तमानपत्रात अशा बातमीचं एक वाक्य वर्षानुवर्षं तेच असतं: अज्ञात चोरट्याने बंद घराचा कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला. त्या वाक्यातले दोन शब्द नीट वाचा. एक "बंद घर". दुसरा "उचकटून". चोराने कुलपाला हातही लावलेला नसतो. पहार घालून कोयंडा चौकटीतून उपटला, की सात लिव्हरचं कुलूप कोयंड्यासकट खाली पडतं, अगदी शाबूत.

म्हणजे चोरी झाली रिकाम्या घरात आणि कुलूप लागलं पाच माणसांनी भरलेल्या घराला. अण्णांनी धसका घेतला तो खरा आहे, त्याला हसू नका. पण त्यांनी बंदोबस्त केला तो दुसऱ्याच चोराचा.

भरल्या घरात चोर येतच नाही असं मी म्हणणार नाही. येतो, आणि बहुतेकदा उघड्या दाराने येतो. पहाटे दूधवाल्याच्या वेळेला कडी काढलेली, दार नुसतं लोटलेलं, घरातले पुन्हा आडवे झालेले. चार्जिंगला लावलेला मोबाइल आणि टेबलावरचा लॅपटॉप दोन मिनिटांत गायब. तळमजल्यावर खिडकीतून काठी घालून खुंटीवरची पँट ओढणारे असतात. या भुरट्या मंडळींना भलंमोठं कुलूप लागत नाही. त्यांना नीट बंद केलेलं लाकडी दार पुरतं.

आणि तेच दार तुम्ही वाऱ्यासाठी उघडं ठेवता.

सेफ्टी डोअर हे दिवसाचं दार आहे. कुरिअरवाल्याशी बोलायला, पोरगं बाहेर पळू नये म्हणून, दुपारी हवा यावी म्हणून. त्याच्या जाळीतून पातळ हात आत जातो, जाळी कापली तर कोणाचाही जातो, म्हणून अण्णांना तिथे कुलूप लावावंसं वाटतं. त्यांचं तर्कशास्त्र त्या दारापुरतं बिनचूक आहे. उत्तर एवढंच की रात्री त्या दारावर विसंबायचंच नाही. लाकडी दार बंद करायचं.

इथे चोराचा हिशेब आणि आगीचा हिशेब एकत्र येतात, म्हणून जरा थांबतो. आपण आग म्हटलं की आपल्या स्वयंपाकघरातली धरतो. पण इमारतीतली आग पुष्कळदा जिन्याच्या पायथ्याशी सुरू होते. मीटरच्या पेट्या तिथेच, पार्किंग तिथेच, आता चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या गाड्याही तिथेच. ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे तीनच्या सुमारास गोरेगावच्या उन्नत नगरमधल्या एका इमारतीत तळमजल्यावरची वाहनं आणि सामान पेटलं. जिना म्हणजे धुराचं धुराडंच होतं. खाली पेटलेलं वर येतं. वरच्या मजल्यांवर झोपलेल्या माणसांचे जीव गेले. अशा रात्री तुमचं लाकडी दार उघडं असेल तर तुम्ही जागे व्हायच्या आधी धूर घरात आलेला असतो. बंद असेल तर तो बाहेर थोपतो, फटीला ओला टॉवेल लावायला वेळ मिळतो आणि खिडकीशी जाऊन १०१ ला फोन करता येतो. वाऱ्यासाठी पंखा एका आकड्याने वाढवा. ऑक्टोबरचा उकाडा मलाही कळतो, मीही कल्याणचाच आहे.

आता आतल्या आगीचं. हल्लीच्या घरात गाद्या फोमच्या, सोफा फोमचा, पडदे सिंथेटिक. असली खोली पेटली की चार-पाच मिनिटांत उभं राहवत नाही. ज्वाळा लांबच असतात, धुरानेच माणूस कोसळतो, कारण त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. डोकं जड होतं, हात सांगितलेलं ऐकत नाहीत. आणि वीज गेलेली असते, एकतर एमसीबी पडतो नाहीतर कोणीतरी खालून मेन स्विच काढतो. म्हणजे ज्या क्षणी किल्ली लागणार, त्या क्षणी तुम्ही अंधारात, खोकत, गुडघ्यांवर असणार. खाली वाकायचं कारण धूर वर साठतो, जमिनीलगत थोडी हवा उरते. उशीखालचा जुडगा या परिस्थितीत काढून बघा. नुसता डोक्यात नाही, खरोखर.

मी हा प्रयोग माझ्या साडूवर केला आहे. ते असेच, रात्री आतून कुलूप. एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांना पलंगावर झोपवलं, डोळ्यांवर पंचा बांधला आणि म्हटलं, आग लागली, चला. आधी त्यांनी उशी उचलली, जुडगा गादी आणि भिंतीच्या फटीत गेला. तो काढला. जुडग्यात सात किल्ल्या, त्यातली एक सासुरवाडीच्या घराची, जे घर पडून बारा वर्षं झाली. दारापर्यंत पोचताना टीपॉय लागला. कुलूप हाताला सापडलं, पण भोक खालच्या बाजूला, किल्ली उलटी. तिसरी किल्ली लागली. दोन मिनिटं दहा सेकंद. बायको घड्याळ धरून उभी होती, ती हसत होती. साडू हसत नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच कुलूप काढलं. मी एक शब्द बोललो नाही.

तर ताई, रात्रीच्या किल्लीचं उत्तर: रात्री आतून किल्लीच लागू नये. लाकडी दाराला आतून मुठीने फिरणारं चांगलं लॅच, वर एक कडी किंवा टॉवर बोल्ट, खाली एक. दोन्ही बोल्ट हाताने सरकणारे. बाहेरच्याला हे तिन्ही फोडायला आवाज करावा लागतो, आणि पाच माणसांच्या घरात आवाज त्याला परवडत नाही. आतल्याला मात्र तीन हालचालींत बाहेर. वरची कडी सासूबाईंच्या हाताला पोचते ना बघा. त्यांना टाचा उंचावता येत नसतील तर ती खांद्याच्या उंचीवर घ्या. मुलाला तिन्ही उघडता यायला हवेत, पावसाळ्यात दार फुगतं तेव्हासुद्धा. बोल्ट घट्ट सरकत असेल तर आज खोबरेल लावू नका, ते चिकटतं. मशीनचं तेल, दोन थेंब.

आणि सुताराला सांगा, कोयंड्याचे आणि लॅचच्या पट्टीचे स्क्रू बदल. जुन्या दारांना अर्ध्या इंचाचे बारके स्क्रू असतात, चौकटीच्या कातडीत बसवल्यासारखे. पाऊण मुठीएवढे लांब घातले की लाकडात खोल बसतात, पहारीला दाद देत नाहीत. हे काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे आणि मोठ्या कुलपाच्या वर आहे. चौतीस वर्षांत हे ऐकून फक्त स्क्रू घेऊन गेलेली गिऱ्हाइकं मी बोटांवर मोजू शकतो. स्क्रू हातात घेतल्यावर कोणाला सुरक्षित वाटत नाही, त्याला वजन नसतं.

अण्णा म्हणतील, काही झालं तरी मला कुलूप हवंच. काही घरांत खरंच लागतं, एखादी आजी रात्री उठून बाहेर चालायला लागते म्हणून. तेव्हा किल्लीला एकच जागा द्यायची आणि ती जागा ठरवण्याची माझी रीत अशी. दारात बाहेर उभे राहा, सेफ्टी डोअरच्या जाळीतून आत बघा. जे दिसतं तिथे किल्ली नको. आपल्याकडे नेमकी उलट पद्धत आहे: दारासमोरच्याच भिंतीवर किल्लीच्या आकाराची लाकडी पट्टी, त्यावर "होम स्वीट होम", आणि सहा हुकांना घरातलं सगळं लटकलेलं, गाडीसकट. येणाऱ्या प्रत्येक माणसाला प्रदर्शन. मग जाळीतून हात घालून बघा, हातात छत्री धरून बघा. छत्रीची मूठ जिथवर पोचते तिथेही नको. आता आत या, दाराच्या ज्या बाजूला बिजागऱ्या आहेत त्या बाजूची आतली भिंत बघा. दार उघडलं की ती पानामागे लपते. दारापासून दोन पावलांवर, नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्याएवढ्या उंचीला तिथे एक खिळा. त्याला त्या कुलपाची किल्ली, एकटी, जुडग्यात नव्हे. गोफाचा जाड गोंडा लावा, म्हणजे अंधारात हाताला लागेल. दिवसा ती किल्ली तिथून हलवायची नाही, भाजी आणायला नेलेल्या पिशवीत तर अजिबात नाही.

कुठे ठेवू नये याची यादी मोठी आहे. फ्रिजवर नको, देवघराच्या खिळ्याला नको, स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे नको. आग लागायची शक्यता जिथे जास्त, त्याच खोलीत सुटकेची किल्ली ठेवण्यात अर्थ नाही. तुमच्या समईने हे तुम्हाला एकदा दाखवलंच आहे. जाता जाता, रात्री निरांजन-समई शांत करून झोपा आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.

इथवर तुमची बाजू घेतली. आता तुमच्यावर येतो.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तुम्ही अण्णांबद्दल लिहिलेलं नाही. "दिवसाचं विचाराल तर प्रश्न नाही" म्हणून तुम्ही जे सहज लिहून गेलात, ते आहे. सकाळी तुम्ही बाहेरून लॅच दोनदा फिरवून जाता. बऱ्याच लॅचना दुसरा फेरा दिला की आतली मूठ अडकते, आत किल्ली असल्याशिवाय दार उघडत नाही. विश्वास बसत नसेल तर रविवारी करून बघा: तुम्ही बाहेर, यजमान आत, आतली किल्ली तुमच्या हातात. म्हणजे अण्णा रात्री आठ तास कुलूप लावतात आणि निदान किल्ली त्यांच्या उशीखाली असते. तुम्ही ७६ वर्षांचा माणूस आणि दुखऱ्या गुडघ्यांच्या सासूबाईंना दिवसभर कोंडून जाता आणि किल्ली तुमच्याबरोबर लोकलने ठाण्याच्या पुढे गेलेली असते. आत गॅस आहे, दुपारचा चहा आहे, देवापुढची उदबत्ती आहे. हेतू चांगला आहे, झोपमोड होऊ नये. होऊ दे झोपमोड. नातू शाळेतून आला म्हणून आजोबा जागे झाले तर त्यात बिघडलं काय?

घरात माणूस आहे तोवर बाहेरून कुलूप नाही, दुसरा फेरा नाही, कडी नाही. लहान मुलं एकटी असली तरी नाही. "दहा मिनिटांत येते, बाहेरून कडी लावते" हे मी चाळीत लहानपणापासून ऐकत आलो आहे. दहा मिनिटांत काय काय होतं ते वर लिहिलं आहे.

मग उरली ती बुटातली किल्ली. ताई, चपलांचं कपाट, तुळशीची कुंडी, पायपुसणं, मीटरची पेटी, दारावरच्या तोरणामागची खाच, दुधाच्या पिशवीचा हूक. या सहा जागा मी न विचारता सांगितल्या, मग ज्याचा तो धंदाच आहे त्याला किती माहीत असतील? चोर आधी तिथेच हात घालतो; मिळाली तर पहार काढायचीही गरज नाही. शिवाय विम्याची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. घरफोडीच्या बहुतेक पॉलिसीत बळजबरीने आत शिरल्याची खूण लागते, म्हणजे तोच तो उचकटलेला कोयंडा. चोराने तुमच्याच किल्लीने सभ्यपणे दार उघडलं, तर दावा मांडताना तुमची पंचाईत होणार.

किल्ली जागेला सोपवू नये, माणसाला सोपवावी. समोरच्या बिऱ्हाडात दिवसा घरी असणाऱ्या कोणी काकू असतीलच. एक किल्ली त्यांच्याकडे, एक जवळच्या नातलगाकडे. त्यांची एक तुमच्याकडे. किल्लीला नाव-पत्ता लिहिलेलं लेबल लावायचं नाही, हरवली तर सापडणाऱ्याला दार सांगितल्यासारखं होतं. रंगीत दोरा बांधा, कोणाचा कोणता रंग ते तुम्हाला ठाऊक. गाडी दुरुस्तीला देताना, किंवा हॉटेलाबाहेर पार्किंगवाल्याला देताना, घराची किल्ली त्या रिंगमधून काढायची. हे इतकं साधं आहे की कोणीच करत नाही.

शेजाऱ्यांकडची किल्ली फक्त चोरापासून वाचवते असं समजू नका. आमच्याकडे एकदा बायको बाहेर भाजीवाल्याकडून कोथिंबीर घ्यायला दोन पावलं गेली. वाऱ्याने दार धाडकन लागलं, लॅच पडलं. आत गॅसवर दूध, मोठ्या आचेवर, आणि बाजूला कढईत तेल तापत ठेवलेलं. मी दुकानात. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी आणि दहाची नोट. समोरच्या मावशींकडे आमची किल्ली होती, पण मावशी पूजेत होत्या, सोवळ्यात. त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं, "फडताळात, डाव्या हाताला, साखरेच्या डब्यामागे, हिरवा दोरा!" दार उघडेपर्यंत दूध उतू जाऊन विझलेल्या बर्नरमधून गॅस सुटायला लागला होता आणि शेजारच्या बर्नरवरचं तेल धुरावलं होतं. आणखी दोन मिनिटं लागली असती तर मी आज हे सदर वेगळ्या सुरात लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं. पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात "साखरेच्या डब्यामागे" हा थोडक्यात वाचण्याचा वाक्प्रचार होता.

तुमच्या खिडक्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिसऱ्या मजल्यावर बाहेर आलेलं पेटीसारखं ग्रिल असणारच, वर कुंड्या. त्याला एक उघडणारी झडप आहे का? नसेल तर वेल्डर बोलवून करून घ्या, मोठा माणूस बाहेर निघेल एवढी. तिसऱ्या मजल्यावरून कोणी उडी मारायची नाही. पण अग्निशमन दलाची शिडी खिडकीला लागली आणि झडप नसली, तर त्यांना आधी ग्रिल कापत बसावं लागतं. झडपेला कुलूप चालेल, तिथे पाइप चढून येणारे असतात. त्याची किल्ली त्याच खोलीत, खिडकीच्या बाजूच्या भिंतीला, बाहेरून काठी पोचणार नाही अशी. समोरच्या इमारतीतून दिसू नये म्हणून पडद्याआड. आणि झडपेवरच्या कुंड्या उतरवा. कुंडीचं वजन असलेली झडप कोणाला उघडता येते?

डिजिटल लॉकबद्दल आता प्रत्येक पत्रात विचारतात, म्हणून दोन ओळी. चांगलं आहे, किल्ली लपवायची भानगडच संपते आणि मुलाला आकडा पाठ करता येतो. घेताना एवढंच बघा की बॅटरी मेली तरी आतून नुसतं हँडल दाबून दार उघडतं. दुकानदाराला सेल काढून दाखवायला सांगा. त्याबरोबर येणारी साधी किल्ली घरातच ड्रॉवरमध्ये ठेवणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. ती घराबाहेर हवी, समोरच्या काकूंकडे.

खरी मोठी किल्ली मात्र तुमच्या घरात नाही, सोसायटीच्या ऑफिसात आहे. गच्चीची. पोरं जाऊन बसतात, टाकीचे नळ चोरीला जातात, म्हणून गच्चीला कुलूप, आणि किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात. तीच गत खालच्या जाळीच्या सरकत्या गेटची: रात्री अकराला कुलूप, किल्ली वॉचमनच्या खिशात, वॉचमन पंपाच्या खोलीत झोपलेला. खालून जिना धुराने भरला आणि वर गच्ची बंद, तर शेवटच्या पायरीवर माणसं साठतात आणि धूरही तिथेच साठतो. गच्चीच्या दाराला आतून, म्हणजे जिन्याच्या बाजूने, हाताने सरकणारी कडी पुरे. चोर गच्चीवरून खाली येईल ही भीती असेल तर ती कडी बाहेरच्याच्या हाताला लागतच नाही. कुलूपच हवं असेल तर किल्ली काचेच्या पेटीत, दाराशेजारी. काच फोडून कोणी नळ चोरलाच, तर नळ नवा येतो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, ज्याला "बी फॉर्म" म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. तुमच्या सोसायटीत ते कागदावर होतं की खरोखर पाइपात पाणी येतं, हे पुढच्या सभेत विचारा. १४ एप्रिलला अग्निशमन दिन असतो; १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत "फोर्ट स्टिकीन" जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवताना गेलेल्या जवानांच्या आठवणीचा. त्या आठवड्यात सोसायटीत सगळ्यांनी एकदा जिन्याने खाली उतरून दाखवायचं ठरवा. लिफ्ट न वापरता. सासूबाईंना कोण धरणार ते त्या दिवशी कळेल, तोवर प्रत्येकजण दुसरा धरील असं समजतो.

राहिले अण्णा. त्यांच्याशी वाद घालू नका, सुनेने तर नकोच. ७६ व्या वर्षी माणसाच्या हातून एकेक गोष्ट जात असते. बँक मुलगा बघतो, बाजार सून करते, गाडी नातवाला हवी. उशीखालचा जुडगा म्हणजे त्यांच्याकडे उरलेला घराचा पहारा आहे. पूर्वी हेच बायकांच्या कमरेला असायचं आणि सासूने जुडगा सुनेच्या हातात देणं हा घरातला सत्तापालट असायचा. तो उशीखालून ओढून घेतलात तर ते दुसरा घेऊन येतील, आणखी मोठा. त्यांच्याकडून पहारा काढू नका, वाढवा. रात्री साडेदहाला फेरी: लाकडी दार, लॅच, वरचा बोल्ट, खालचा बोल्ट, रेग्युलेटर, समई, बाल्कनी. सात गोष्टी. सगळं झालं की त्यांनी "झालं" म्हणायचं, मग घरातले दिवे जातील. तो शब्द त्यांचा.

आणि डोळ्यांवर पंचा बांधायचा प्रयोग नातवाला करायला सांगा. आजोबा सुनेचं ऐकणार नाहीत, मुलाचं तर नाहीच. नातवाने घड्याळ लावून "आजोबा, पळा" म्हटलं की पळतील. आधी कुलपासकट एकदा, मग नुसत्या बोल्टांवर एकदा. दोन आकडे कागदावर लिहून फ्रिजला लावा. किल्ली फ्रिजवर नको म्हटलं होतं, कागद चालेल.

गोदरेजच्या कपाटाची किल्ली त्या कपाटाच्याच डोक्यावर असेल, असं मी न बघता सांगतो. ती आज तिथून काढा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर ती किल्ली कुठेही ठेवा, नसतील तर आधी लॉकरचं बघा. आणि समईजवळचा पडदा काढून टाकलात ना? पत्रात तेवढं लिहायचं राहिलंय.